बघल्याशिवाय सही नाय

आमच्या गावाची नगरपालिका झाली तेव्हा पहिल्या बैठकीला खुर्च्या पुरल्या नाहीत. पंचायतीच्या जुन्या हॉलमध्ये सात पंचांच्या सात खुर्च्या होत्या, आणि नगरसेवक निवडून आले होते अकरा. उरलेल्या चार शेजारच्या शाळेतून मागवल्या, त्या पहिलीच्या वर्गातल्या निघाल्या. त्यातल्याच एका इवल्या खुर्चीत, छत्री मांडीवर आडवी ठेवून, एक सडपातळ म्हातारी अगदी मजेत बसली होती. तासाभरात ती आमची पहिली नगराध्यक्ष होणार आहे हे तिच्यासकट कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिला सगळे 'बाय' म्हणायचे. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी आमच्याच डोंगरावर झाली. माहेर इब्रामपूरचं, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत तिकडच्या वळणाचं राहिलं. वयानं आमच्या आईएवढी, तरी तिला 'अगो बाय' अशी हाक मारायची आम्हाला लहानपणापासूनची सवय, आणि ती नगराध्यक्ष झाली म्हणून कुणाला 'अहो' म्हणणं जमलं नाही. एकटे मुख्याधिकारी 'मॅडम' म्हणायचे. पहिले काही दिवस तिला त्या हाकेवर ओ देण्याचं भानच राहत नसे.

आमचा गाव डिचोली तालुक्याच्या पार टोकाला, डोंगरावर. पूर्वी इथले निम्मे लोक साखळी शहरात कामाला जायचे आणि उरलेले खाणीच्या ट्रकांवर. ट्रक थांबले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लोकांना आमचा धबधबा सापडला. शनिवार-रविवारी पणजीहून, बेळगावहून गाड्या येऊ लागल्या. वरच्या कातळपठारावर, म्हणजे सड्यावर, एक रिसॉर्ट झालं, मग दुसरं, मग तिसरं. घराघरांवर 'खोल्या भाड्यानं मिळतील' अशा पाट्या लागल्या. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, मीसुद्धा घरावर दोन खोल्या काढल्या. सरकारनं हे सगळं पाहिलं आणि पंचायत मोडून नगरपालिका केली.

निवडणुकीला बाय उभी राहिली तीही गमतीनंच. तिचा प्रभाग बायकांसाठी राखीव होता. शेजारची सून अर्ज भरायला निघाली, तिला सोबत म्हणून बाय गेली. सुनेचं कुठलं तरी एक कागदपत्र कमी पडलं. शेवटचा दिवस होता. इतक्या लांब आलोच आहोत तर मोकळ्या हातानं कशाला जायचं, म्हणून बायनं स्वतःचा अर्ज भरला. प्रचाराला ती घरोघर गेली, पण मत द्या असं एकाही घरात म्हणाली नाही. नातवंडांची वजनं विचारली, कुणाची कानदुखी बघितली, आणि निवडून आली.

अकरा जणांत पाच शेठच्या बाजूचे. शेठ म्हणजे पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे आणि आता पर्यटकांच्या टॅक्स्या फिरवणारे गृहस्थ. आम्ही दुसऱ्या गटाचे, माझ्यासकट तेही पाच. राहिली बाय. दोन्हीकडच्यांनी तिला बाजूला नेऊन पाठिंबा मागितला. तिनं दोघांचंही नीट ऐकून घेतलं, परत आपल्या छोट्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "हेच्या बाजून गेलंय तर तो रागावतलो, तेच्या बाजून गेलंय तर हो रागावतलो. मगे मीच बसतंय."

आधी सगळे हसले. मग दोन्ही गटांच्या लक्षात आलं की समोरचा बसण्यापेक्षा हे बरं. अशी आमची पहिली नगराध्यक्ष बिनविरोध झाली.

तिच्या बैठका वेगळ्याच असत. सुरुवातीला प्रत्येकानं एक पेला पाणी प्यायचं, हा नियम. "आदी पाणी पिया, मगे झगडा," असं म्हणून ती प्रत्येकाचा पेला रिकामा झाला का ते बघायची. आमच्यातले पाचजण तिच्या हातून जन्मलेले होते, आणि कोण कसा जन्मला हे तिला तोंडपाठ होतं. एखादा नगरसेवक टेबलावर हात आपटून बोलू लागला की ती शांतपणे मुख्याधिकाऱ्यांना सांगायची, "हो जल्मलो तेव्हा रडाक नव्हतो. पाठीर दोन थापट्यो मारल्यो तेव्हा आवाज फुटलो. आता बंद होयना." त्या नगरसेवकाला पुढे काय बोलायचं होतं ते आठवायचंच नाही.

शेठ मात्र तिच्या हातून जन्मलेले नव्हते. पण त्यांचीही एक गोष्ट तिच्याकडे होती. ती नोकरीला लागली त्या वर्षी शाळेत लस टोचायला गेली, तेव्हा सहा वर्षांचे शेठ फणसाच्या झाडावर चढून बसले. मास्तर ओरडले, आई रडली, कुणी काठी आणली. बायनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि झाडाखाली पेटी ठेवून एकटीच बसून राहिली. दुपारी भूक लागल्यावर शेठ आपसूक उतरले आणि दंड पुढे केला. ही गोष्ट ती कधी कुचेष्टेनं सांगत नसे. "तेका उतरूंक तितको वेळ लागता," एवढंच म्हणायची.

आता तिच्या खऱ्या वेडाविषयी सांगतो. कुठल्याही कागदावर, ती जागा स्वतः बघितल्याशिवाय, बाय सही करत नसे. दवाखान्यात असताना तिच्या बरोबरीच्या काहीजणी घरबसल्या अंदाजानं वजनं लिहायच्या म्हणे. हिनं एकही आकडा मूल तराजूत घातल्याशिवाय लिहिला नाही, आणि तोच हिशेब तिनं पालिकेत चालवला. गटाराचा कागद आला की गटार बघायचं. घराची भिंत वाढवायची असली की भिंत बघायची. फाईल पिशवीत, छत्री हातात, आणि बाय चालू पडायची. मागून आम्ही. मुख्याधिकारी मडगावकडचे, कातड्याचे चकचकीत बूट घालणारे, पहिल्या महिन्यातच साखळीला जाऊन कॅनव्हासचे बूट घेऊन आले.

"बघल्याशिवाय सही नाय." हे वाक्य आमच्या गावात इतकं रुळलं की बायका पोदेराकडून पाव घेतानासुद्धा तेच म्हणून पाव दाबून बघू लागल्या.

लोकांना याची मजा वाटायची. पण ज्यांच्या फाईली अडकायच्या त्यांना वाटत नसे, आणि त्यांच्यातला एक मी होतो.

माझ्या दोन खोल्यांच्या परवान्याचा कागद तिच्याकडे गेला तेव्हा मी निश्चिंत होतो. आमच्याच गटाच्या आधारावर ती बसली आहे असा माझा समज. एका सकाळी ती आली. बायकोनं चहा दिला, कालच्या खतखत्याची, म्हणजे मिश्र भाज्यांच्या आमटीची, वाटी दिली. तिनं ती चाटूनपुसून खाल्ली, कोकम कुठलं घातलंस म्हणून विचारलं. मग पिशवीतून गाठी मारलेली नायलॉनची दोरी काढून घरामागे गेली. संडासाच्या सांडपाण्याचा शोषखड्डा मी मागच्या उतारावर खणला होता, कारण तिथं माती मऊ होती आणि काम एका दिवसात झालं. ती खड्ड्याजवळ उकिडवी बसली, माती हातात घेऊन चुरगाळली, दोरी टाकून खालपर्यंत मोजत गेली आणि घामेघूम होऊन परत आली.

"तुझो खड्डो चुकीच्या जागेर आसा," ती म्हणाली. "ह्या बाजूचा पाणी खाली व्हाळात उतारता. त्या बाजूक खण. मी येऊन बघतंय आणि थंयच उभी रावन सही करतंय."

दुसऱ्या बाजूला सगळा जांभा दगड. तिथं खणायचं म्हणजे महिन्याभराचं काम, आणि हंगाम तोंडावर. मी तिला खूप समजावलं. ओढा खूप लांब आहे म्हटलं, इतरांचे खड्डे दाखवले, शेवटी आवाजही चढवला. तिनं माझ्याकडे बघून बायकोला विचारलं, "हेणी सकाळी पाणी पियालेला नाय काय?" बायको हसली. माझा अपमान झाला असं मला वाटलं.

शेठना हे कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण आठवड्याभरात ते दुकानात आले. सड्याच्या माथ्यावर नवीन मोठं रिसॉर्ट यायचं होतं आणि त्याच्या कुंपणाची फाईल बायकडे पडून होती. बाय रोज म्हणायची वर जाऊन बघते, आणि रोज दुसरंच काही तरी निघायचं. शेठच्या टॅक्स्यांना त्या रिसॉर्टचं काम मिळणार होतं. अविश्वास ठरावावर त्यांच्या पाच सह्या तयार होत्या. सहावी हवी होती.

मी ती केली. तिथेच, दुकानाच्या गल्ल्यावर, काही न वाचता. आज ते लिहितानाही मान खाली जाते.

ठरावाच्या दिवशी बाय हिरवं लुगडं नेसून आणि आबोलीचा वळेसर माळून आली. कुणाच्या लग्नाला आल्यासारखी. बैठक चालवायला पणजीहून एक अधिकारी आले होते. बोलायला मऊ, घड्याळाकडे बघणारे गृहस्थ. तिनं सवयीनं सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, त्यांनाही. ते निमूटपणे प्यायले. मग त्यांनी विचारलं, मतदानाआधी आपल्याला काही बोलायचं आहे का.

ती उभी राहिली. माझ्याकडे बघेल म्हणून मी टेबलाकडे बघत होतो. पण तिनं पिशवीतून फाईल काढली आणि म्हणाली, "एक फाईल उरली आसा. ती बघान येवया. मगे तुमका काय करूचा ता करा."

शेठ म्हणाले, आता कशाला, नवीन नगराध्यक्ष बघतील. ती अधिकाऱ्यांकडे बघत राहिली. अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं की वरून धबधबा दिसतो का. दिसतो म्हटल्यावर त्यांनी बैठक दोन तासांसाठी थांबवली.

आम्ही सगळे निघालो. अकरा नगरसेवक, मुख्याधिकारी, पणजीचे अधिकारी. रस्ता अर्ध्यापर्यंतच जातो, पुढे पायवाट. बाय सगळ्यांच्या पुढे होती. पहिली चढण संपली तिथं ती एका दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं, वर माथ्याकडे पाहिलं आणि बसूनच राहिली. आम्ही थांबलो. मुख्याधिकारी हळूच म्हणाले, मॅडमचा गुडघा. आमच्या गटातला एकजण म्हणाला, होय, परवा जिना उतरताना तिनं कठडा धरला होता. बघता बघता बायचा गुडघा गेला हे सगळ्यांचं एकमतानं ठरलं. तिच्या कारकिर्दीतला बहुधा हा पहिला एकमताचा ठराव.

तिला परत पाठवावं तर ती फाईल घेऊन बसलेली. अधिकारी म्हणाले, आलोच आहोत तर काही तरी करा. शेवटी जवळच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची, बायच्या भाषेत कदेल, आणली. बायला तिच्यात बसवलं. आता ही उचलायची कुणी? तिच्या बाजूचे चारजण सगळे पिकल्या वयाचे. अंगानं धडधाकट असे आम्ही सहाजणच होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग शेठनी हाताच्या बाह्या वर केल्या आणि पुढचा पाय धरला.

मला तो चढ अजून आठवतो. तिला खुर्चीवरून खाली ओढायला आलेले आम्ही सहाजण तिला खुर्चीसकट डोंगरावर नेत होतो. दोघे पुढे, दोघे मागे, दोघे बदलीला. शेठचा श्वास चढला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. बाय वरून सांगत होती, उजवीकडे धरा, थंय निसरडा आसा. खालच्या शेतातल्या बायकांनी आम्हाला पाहिलं आणि नव्या नगराध्यक्षांची मिरवणूक निघाली असं समजून एकीनं ओरडून विचारलं की ढोल कुठं आहेत. पणजीचे अधिकारी तोंडावर रुमाल धरून हसत होते.

माथ्यावर पोचलो. धबधब्याच्या बऱ्याच मागे, करवंदीच्या जाळ्यांमध्ये, आमची झर आहे. खालच्या साऱ्या वाड्यांच्या नळांना तिचंच पाणी येतं. लहानपणी आम्ही तिथं खेकडे धरायला जायचो. त्यानंतर वीस वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. झरीच्या चारही बाजूंनी लाल रंग मारलेले दगड पुरलेले होते. कुंपणाची हद्द. झर बरोबर मधोमध.

बायनं फाईल उघडली आणि माझ्या हातात दिली. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. जागा खडकाळ व पडीक आहे, पाण्याचा कोणताही स्रोत नाही, पाहणी केली आहे. खाली बांधकाम समितीच्या तीन सह्या. मधली माझी होती. समितीच्या बैठकीत कागद पुढे सरकवला गेला होता आणि मी सही केली होती. त्या दिवशी दुकानात माल यायचा होता, एवढंच आठवत होतं.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. पणजीच्या अधिकाऱ्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, हे पाणी कुठं जातं. उत्तर शेठनी दिलं. आमच्या घरी, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. बायनं फाईल माझ्या पाठीवर ठेवून तिथल्या तिथं लिहिलं, 'जागा बघितली. झर आहे. नामंजूर.' पेन टोचत होतं आणि मी हललो नाही.

तिला खुर्चीतून घेऊन उतरताना आमचं लक्ष पायांवर कमी आणि मनावर जास्त होतं. शेवटच्या वळणावर माझा पाय सटकला, खुर्चीचा एक पाय मोडला आणि बाय जमिनीवर आली. आम्ही सगळे धावलो. ती लुगडं झटकत हसत होती. नंतर हॉलपर्यंत ती शेठच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत आली. गुडघा दुखराच होता, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

बैठक पुन्हा सुरू झाली. ठरावाच्या बाजूचे हात वर करा, असं अधिकारी म्हणाले. शेठचा हात अर्धा वर गेला, डोक्यापर्यंत पोचला आणि तिथं त्यांनी डोकं खाजवून घेतलं. बाकीचे शेठकडे बघत होते. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते. अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलं. मग ठराव पडला असं लिहून घेतलं आणि विचारलं, जेवायची काही सोय आहे का. बायनं त्यांना आपल्या घरी नेऊन जेवू घातलं. आम्हा सहाजणांनाही बोलावलं. आम्ही गेलो. दोन-दोनदा भात घेतला.

रिसॉर्टवाल्यांनी नकाशा बदलला, कुंपण मागं घेतलं. रिसॉर्ट झालं, चांगलं चाललं आहे, आणि पायवाट उघडी आहे. मी महिनाभर जांभा फोडून दुसऱ्या बाजूला खड्डा खणला. बाय काठी टेकत आली, दोरीनं मोजलं आणि तिथंच उभं राहून सही केली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं बायकोला हाक मारून विचारलं, खतखतं आहे का.

वर्षभरानं तिनं राजीनामा दिला. भर बैठकीत, पाणी पिऊन झाल्यावर. गुडघा आता चढू देत नाही, आणि ज्याला जाऊन बघता येत नाही त्यानं सही करू नये, असं तिचं म्हणणं. सगळ्यांत आधी उठले ते शेठ. म्हणाले, बाय, तू बसूनच राहा, आम्ही जाऊन मोबाईलवर फोटो काढून आणून दाखवू.

"फोटोत वास येता काय रे?" तिनं विचारलं.

नगराध्यक्ष आता शेठच आहेत. फाईल पिशवीत घालून चालत जातात, आणि त्यांचं पोट पुष्कळ कमी झालं आहे.

परवा बायकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ, ती घराच्या दारापुढच्या बाल्कांवात बसली होती. पोदेराकडून गरम उंडे पाव नेले होते. चहा घेता घेता विषय त्या दिवसावर गेला, आणि इतकी वर्षं मनात असलेलं मी बोलून टाकलं. इतका गुडघा दुखत असताना तू वर जायचा हट्ट धरलास, त्याचं मला फार वाईट वाटतं, असं म्हणालो.

तिनं उंडा चहात बुडवला. "गुडघो दुखता म्हणान मी खंय म्हटलंय? मी दगडार बसलंय. गुडघो तुमीच काढलात."

मी चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे तेव्हा दुखत नव्हता?"

"कणभर नाय. सगळे चलत होतात, आपापसात बोलत होतात, माज्या मागसून कोण येता न येता म्हायत नव्हता. म्हटला, जरा बसान बघूया." तिनं गुडघ्यावर हात फिरवला. "येताना तुमी कदेल टाकलात, तेव्हा मात्र खरोच गेलो."

पाय सटकला होता तो माझा, हे तिला माहीत होतं का कोण जाणे. माझा चेहरा बघून ती हसायला लागली. इतकी हसली की चहा बशीत सांडला आणि आतून सून बघायला आली. मग मलाही हसू आवरेना.

डोळे पुसून झाल्यावर ती समोरच्या डोंगराकडे बघत बसली. "पण काय सांगू तुका," ती म्हणाली, "चाळीस वर्सां तो डोंगर चढलंय, ती खाली बघान. पाय खंय पडता ता बघूचा लागता. त्या दिसा कदेलीत बसलंय आणि पयल्यांदाच वर बघीत गेलंय. झाडां केवडी मोठी आसत रे."